नियम चार

कयानीच्या वाचनालयातली मागची खोली
महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, सहा ते आठ, फुकट मिळते.
आठला दिवे आपोआप जातात.
म्हणून पावणेआठलाच हिल्का म्हणते, "आयत्या वेळचे विषय?"
आणि ते विषय मग बाहेर होतात, पार्किंगमध्ये,
उणे एकवीसमध्ये,
गाड्यांच्या बोटभर उघडलेल्या काचांतून.

पत्रकार संघाची ती अकरा वर्षं अध्यक्ष.
पहिल्यांदा झाली तेव्हा एका वर्षापुरतीच म्हणून.
"कोण तयार आहे?" असं विचारलं गेलं
आणि नेमकी तेव्हाच ती
कॉफी ओतून घ्यायला उभी राहिली.

लष्करच्या भाकऱ्या, दुसरं काय.
त्याही राईच्या, कडक, घरच्या पिठाच्या.
टपालखर्च स्वतःचा, पेट्रोल स्वतःचं.
स्पर्धेच्या प्रवेशिका स्वयंपाकघरातल्या टेबलावर,
एका ढिगावर मांजर झोपलेलं;
त्या वर्षी क्रीडावार्तांकनाचा निकाल
दोन दिवस उशिरा लागला.

माझ्यावर खाणवाल्यांनी खटला भरला तेव्हा
माझं वय चोवीस होतं, कोट भावाचा होता.
ओउलूचं कोर्ट एकशे ऐंशी किलोमीटर.
ती तिन्ही तारखांना आली,
मागच्या बाकावर बसली, विणत.
बोलली काहीच नाही.
सुईवर सुई वाजायची,
आणि मला वाटायचं, चला, कुणीतरी मोजतंय.
(मोजा माझ्यासाठी नव्हताच. तिच्या जावयाचा होता.)

नोव्हेंबरात तिचंच वर्तमानपत्र बंद पडलं.
शहाण्णव वर्षांचं.
शेवटच्या अंकात तिने हवामान नेहमीच्याच जागी छापलं.
आता त्या खिडकीत फिजिओथेरपीची पाटी आहे
आणि हिल्का पहाटे शाळेची व्हॅन चालवते:
सहा मुलं, एक वळण, दोन रेनडिअर.

नियम चार: सभासदाच्या उत्पन्नाचा
निम्म्याहून अधिक भाग पत्रकारितेतून यावा.
हा मसुदा तिनेच केलेला,
जाहिरातवाले घुसू नयेत म्हणून.

वार्षिक सभेत कमी होणाऱ्यांची यादी
तीच वाचते, वर्णानुक्रमे.
यंदा नऊ नावं.
शेवटचं वीहावाइनेन, हिल्का.
तिने ते बाकीच्यांच्याच सुरात वाचलं,
कागद उलटा ठेवला
आणि म्हणाली, "हरकत?"

हे मला तार्मोने सांगितलं, नंतर.
तार्मो खजिनदार. त्याला गळा दाटून येणं वगैरे जमत नाही.
त्याने नियमांची वही उघडली, चष्मा पुसला,
पुन्हा पुसला.
"गणपूर्तीला आठ लागतात," तो म्हणाला.
"आपण आठ आहोत. तुला वगळलं तर सात.
सात जणांना कुणालाच वगळता येत नाही.
सभा तहकूब. पुढची तारीख सवडीने."

हिल्काने माणसं मोजली.
मग दाराकडे पाहिलं.
"आंटी येणार होता ना?"

येणार होतो. आलो होतो.
पावणेसातपासून पार्किंगमध्ये होतो,
इंजिन चालू, फोनवर तार्मोचा निरोप:
आत येऊ नकोस. कारण विचारू नकोस.
समोर खोलीचा पिवळा चौकोन,
त्यात डोकी, मी ओळखत होतो एकेक.
बातमी आत घडत होती आणि मी बाहेर.
धंद्यात पहिल्यांदाच हे बरं वाटलं.

आठ. चौकोन विझला.

ती बर्फावरून सावकाश आली, काखेत खोका,
त्यात शिक्का, हजेरीवही, न संपलेली बिस्किटं.
माझ्या काचेवर टकटक केली.
मी काच बोटभर खाली केली.
बराच वेळ नुसती वाफ, तिची आणि माझी.

मग म्हणाली,
"तुझी यंदाची वर्गणी बाकी आहे.
एकतीस तारखेच्या आत भर."
आणि खोका माझ्या बॉनेटवर ठेवून
हातमोजे शोधू लागली.