दोन रिसीव्हर

बेलग्राडहून सारायेव्होला फोन लागत नाही.
तारा तोडल्यात.
त्रिएस्तहून मात्र दोन्हीकडे लागतो, नशीब असलं तर,
म्हणून माझ्या बटणांच्या दुकानात
आता दोन टेलिफोन आहेत.
दुसरा उधारीचा.

एकाच्या तोंडाला दुसऱ्याचा कान लावायचा,
दुसऱ्याच्या तोंडाला पहिल्याचा,
वरून लोकरीचा मफलर घट्ट आवळायचा
आणि गप्प बसायचं.
लढाईत मी काय केलं
हे कुठे लिहायचं झालंच, तर एवढंच लिहा.

ऐकायचं नाही असं ठरवलं होतं.
पण बटणं मोजणाऱ्या बाईचे हात गुंतलेले,
कान कशानं झाकणार?

स्लोबोदांका सांगत होती :
बुधवारी दुपारी साडेतीन, चौकात,
काळे कपडे, तोंडातून शब्द नाही.
झाग्रेबला बिसेर्का उभी राहील, हैफाला योखेवेद,
आणि रामल्लाहून नुहादचा निरोप आहे :
नाक्यावर अडवलं तर आम्ही नाक्यावरच उभ्या राहू.
आम्हांला सवय आहे.

सेनिया बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, काळे कपडे कशाला?
आमच्याकडे वीज नाही.

आणि तुम्ही तासभर गप्प राहिल्यानं
माझ्या सासूच्या इन्सुलिनचं काय होणार?
टेकडीवर बंदुका घेऊन बसलीत
ती तुमच्याच गल्लीतली पोरं.
त्यांच्या आयांना विचार.

मिनिटाला किती लिरा पडतात मला पाठ आहे.
ती शांतता चार मिनिटांची होती.
दारावर बोरा वारा धडका देत होता,
मी मफलर सोडला नाही.

विचारलं, स्लोबोदांका म्हणाली.
एक आता आमच्यात उभी राहते.
जराशी बाजूला. कुणाला खेटून नाही.
परवा लोक तिच्यावर थुंकले,
तास संपेपर्यंत तिनं गाल पुसला नाही.

नाव काय तिचं?
मिलुंका.

तिला सांग, सेनिया म्हणाली,
मुलाला पत्र लिहिशील तेव्हा लिही :
बेकरीमागची इमारत, तिसरा मजला,
खिडकीला प्लॅस्टिक लावलंय.
तिथे मी असते.

ही धमकी होती की विनवणी
मला अजून कळलेलं नाही.
तेवढ्यात लाइन गेली.

इन्सुलिन बटणांच्या डब्यांतून पाठवलं,
वर शिंपल्याच्या बटणांचा थर देऊन.
अर्धं पोचलं.
उरलेलं अर्धं कुणाच्या तरी सासूला मिळालं असेल,
असं आम्ही म्हणतो.

बुधवारी मी दुकान बंद केलं.
समुद्राकडच्या चौकात सातजणी.
वारा असा, की फलक धरायला चौघी
आणि त्या चौघींना धरायला तिघी.
एका खलाशानं टोपी काढून विचारलं, कोण गेलं?
बोलायचं नव्हतं.
शिवाय उत्तर लांबलचक होतं,
आणि त्याचं जहाज सुटायचं होतं.

हैफाचं घड्याळ तासभर पुढे.
त्यांचं गप्प राहणं संपलं तेव्हा आमचं सुरू झालं;
मधल्या वेळात योखेवेदला कुणी काय काय म्हटलं
ते मला फार नंतर समजलं.

आणि सेनिया?
उघड्यावर उभं राहायची सोय नाही,
म्हणून जिन्यात, अंधारात,
एका पायरीवर एक अशा पाचजणी.
सर्वांत वरच्या पायरीवर सासू, खुर्चीत.
तिनं हट्टच धरला म्हणे.
उभं राहायचं ठरलंय ना, मग मला उभी करा.
शेवटची पाच मिनिटं तिला दोघींनी धरलं.

महिनाअखेरीला बिल आलं.
आर्तुरोनं चष्मा लावला, पुसला, पुन्हा लावला.
एवढं कुणाशी बोललीस, नेरिना?

मी म्हटलं,
मी एक शब्दही बोलले नाही.