उघडली : ३१ जुलै

माळ्यावर खोक्यामागं सापडली ती,
तपकिरी काचेची, अर्ध्या लिटरची.
लेबलावर आवटी बाईंचं अक्षर :
टीएचएफ. उघडली : ३१ जुलै २०१९.

पुढच्याच आठवड्यात कृष्णा चढली.
ओट्यापर्यंत पाणी येणार म्हणून
शिडी लावून आम्ही सगळं वर नेलं,
आम्लं एकीकडं, अल्कली एकीकडं,
आणि ही कुठंच बसेना म्हणून कोपऱ्यात.
गाळ काढता काढता दिवाळी आली.
कोण मोजतंय बाटल्या.

पाण्यापासून वाचवली.
हवेपासून वाचवायची राहिली.

बाई फळ्यावर पंचकोन काढायच्या :
चार कार्बन, एका कोपऱ्यात ऑक्सिजन.
"संपृक्त आहे रे. ज्याचे त्याचे हात भरलेले,
दुहेरी बंध नाही, काही नाही.
साखरेत असलंच कडं असतं, एक कार्बन जादा.
तिनाचं कडं ताणलेलं, बोट लावलं की उघडतं.
हे पाचाचं समजूतदार."
मग ऑक्सिजनशेजारच्या कार्बनवर खडू टेकवून
थांबायच्या. "पण इथं. इथून हवा शिरते."

आणि चाचणीचा कागद पिवळा पडला तर, बाई?
"हळद समजून सौदा काढत बसू नका. पळा."
मार्केट यार्डाकडची पोरं सगळ्यांत जास्त हसायची.

आता झाकणाच्या आट्यांत
खडीसाखरेसारखं काहीतरी चमकतंय.
तळाशी बोटभर उरलंय,
बाकीचं कधी उडून गेलं कोण जाणे.

शिडीच्या पाचव्या पायरीवर मी,
एका हातात टॉर्च, दुसरा हात मागं घेतलेला.
खालून बी.एस्सी.ची कुणी पोरगी :
"मगदूम काका, रिकामी असली तर द्या ना,
धुऊन घेते."

पाच पायऱ्या उतरायला
इतका वेळ मला कधी लागला नव्हता.

पोरं बाहेर. मेन स्विच बंद. दाराला कुलूप.
प्राचार्य म्हणाले, एवढ्याशा बाटलीसाठी?
तरी कोल्हापूरला फोन लावला त्यांनी.
मी लावला निपाणीला.

बाईंनी आधी ओळखलं नाही.
मग एकदम, "हलवलीस?"
"नाही."
"झाकणाला हात?"
"नाही."
बराच वेळ नुसता कुकर वाजत राहिला त्यांच्याकडं.
"तारीख घातली होती ना रे मी?"
"घातली होती, बाई.
अजून वाचता येतीय."