आधी बजर

लाखांदूरच्या सबस्टेशनात पहिल्या रात्री गजभिये काकांनी शिकवलं:
आधी बजर बंद कर, मग दिवा वाच,
नाहीतर डोकं चालत नाही.
सोळा वर्षं तसंच केलं.

कमरेला पंप आला, तोही रात्रपाळीचाच.
साखर उतरतेय. साखर चढतेय. नळी बघा.
वीस युनिट उरले. सिग्नल नाही. बॅटरी.
सगळं एकाच सुरात, बांधीतल्या टिटवीसारखं:
कुत्रं आलं तरी तेच, ढग आला तरी तेच.

मग अंगठा माझ्याशिवाय जागा राहायला शिकला.
दाबून मोकळा. दिवा वाचायचा राहून जायचा.

तान्ह्या पोळ्याच्या पहाटे सुकेशनी उठली
ती आवाजानं नाही, उशी ओली लागली म्हणून.
गूळ चाटवला. थांबली. पुन्हा गूळ.
मीटरवर अडतीस.
पंपात नोंद: सहा वेळा वाजला,
सहाही वेळा मीच गप्प केला.
"तुह्या बोटाले कोनं नोकरीवर ठेवलं?"
हसायला गेली आणि रडली.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी निम्मे इशारे काढून टाकले.
पंप आता डावीकडे बांधतो,
अंगठ्याला कूस बदलावी लागेल असा.
आणि तांदळाच्या कोठीवर तिनं खडूनं लिहिलंय:
आधी वाच.

परवा तीनला वाजला.
वाचला. बॅटरी.
तिला हलवून सांगितलं, बॅटरी आहे.
"बरं," म्हणाली झोपेतच.

बाहेर टिटवी ओरडत होती.
टॉर्च घेतला, बघून आलो.