सांगली, हळद यार्ड, रात्री आठ

सौदे आटोपले की यार्ड आमचं.
पोत्यांची विंग,
टेंपोच्या हेडलाइटचा उजेड,
प्रॉम्प्टिंगला निलोफर, मांडीवर वही.

तिसऱ्या प्रवेशात उमाजी हमाल होतो.
भुशाचं पोतं झटक्यात उचलतो,
चेहऱ्यावर वेदना वगैरे.

समोरून मगदूममामा उठले.
"आरं, तसं न्हवं.
आदी गुडगा मोडायचा. मग श्वास.
तोंड वाकडं करायला
आमास्नी येळ कुटं असतुय?"

खरं पोतं पाठीवर घेतलं,
चार पावलं चालले आमच्या स्टेजवरनं,
ठेवलं,
आणि जाऊन बसले आपल्या जागी.

निलोफर वहीत शोधत राहिली
पुढचं वाक्य.

टाळ्या उशिरा आल्या, हळद उडवत.
उमाजी अजून
गुडघा मोडून
श्वास घेत होता.