लाल शाई, निळी शाई

गुणवंत बोरकुटेच्या दुकानात
राइस मिलचं कॅलेंडर.
चतुर्थी, एकादशी, गॅस सिलिंडरची तारीख
आणि मध्ये मुंगीएवढ्या अक्षरात
परदेशातल्या वाजवणाऱ्यांचे वाढदिवस.
जन्म निळ्या शाईत.
मेला की लाल.

रात्री शॉर्टवेव्हला कान लावून
खरखरीतून वेचलेली नावं.
"आज ड्रमवाल्याचा बड्डे हाय," म्हणत
तो सोल्डरिंगची कांडी खाली ठेवायचा
आणि मला स्टँडवर धाडायचा:
एक आलुबोंडा, दोन वाट्या, रस्सा जास्त.
त्या ड्रमवाल्याला काय ठाऊक,
त्याच्या वयाची किती वर्षं
आम्ही नाक पुसत खाल्ली.

एका चौकोनात मात्र नाव नव्हतं.
'पहिली इलेक्ट्रिक गिटार. आपली मंडई. रात्री अडीच.'

मोतीराम कोवेने ती सीताबर्डीवरून आणलेली,
सेकंडहँड, एक तार कमी.
अँप्लिफायर गुणवंतने बांधला
मेलेल्या रेडिओच्या पेटीत.
झाडीपट्टीचं नाटक, तिसरा अंक,
बाप मरत होता,
ऑर्गनवाला हळू सूर धरून बसलेला,
आणि मोतीरामने मध्येच तार ओढली.
मेलेला बाप डोळे उघडून बघू लागला.
शेकोटीपाशी कुणी ओरडलं, वन्स मोर!
बाप पुन्हा मेला.

"मोत्या, तुया बड्डे कवा?"
"शाळंत एक जुलै हाय."
मास्तरांनी सगळ्यांनाच एक जुलै दिलेली.
गुणवंत चिडला,
"अर्ध गाव एकाच दिवशी जन्मलं
तं केक कोन कोनाले चारल?"

मोतीरामची माय म्हणाली,
धान कापनीचे दिस होते,
त्याच राती वाघ गोठ्यात आला.
एवढंच.

गुणवंतने सायकल काढली.
वनविभागाच्या हापिसात तीन चकरा,
बाबूला दोनदा चहा, त्याचा टेपरेकॉर्डर फुकट दुरुस्त.
वाळवीने कडा खाल्लेल्या रजिस्टरात सापडलं:
एक वासरू, तांबडं, वय आठ महिने.
नुकसानभरपाई रुपये चाळीस.
एकोणीस नोव्हेंबर.

त्या वर्षी मोतीरामला
चाळिशीत पहिला वाढदिवस मिळाला.
तो लाजला, आलुबोंडा फोडला,
आणि अर्धा, काही न बोलता,
बाहेर उभ्या गाईपुढे धरला.
तिने हुंगला, तोंड फिरवलं.
तिखट होता.

आता गुणवंतचे डोळे गेले.
गिटार राइस मिलच्या ऑफिसात खुंटीला,
मोतीराम तिथेच रात्रपाळीचा चौकीदार.
दर एकतीस डिसेंबरला नव्या कॅलेंडरवर
जुन्या तारखा मी उतरवतो.
गुणवंत खाटेवरून विचारतो,
"ड्रमवाला आला का? तो बाजावाला?"
हाव, आला.
लाल वाढत चाललंय,
निळ्याची रिफिल दोन वर्षं तीच.

नोव्हेंबरला पोचलो की हात थांबतो.
एकाच चौकोनात दोघं आहेत.
आधी कोणती शाई उचलू,
दरवर्षी विचारीन म्हणतो
आणि विचारत नाही.