कोरी बाजू

ग्लायविट्झ, अठराशे तेरा.
व्हेंझेल ओतारी पोराला सांगतो :
वाळू नीट दाब. हवा राहिली
तर क्रूस पोकळ निघतो,
आणि सोनाराची बोलणी मी खातो.

काळं लोखंड, कडेला चांदीची बारीक किनार;
सुतकाच्या पत्राला असते तशी,
फक्त रंग उलटे.
एका अंगाला ओकची पानं, मुकुट, साल.
दुसरं अंग कोरं.
"इथं काय यायचंय?"
"काही नाही. राजाची मर्जी."

गावातल्या बायका सोनं देऊन आल्या,
बोटांत लोखंड घालून परतल्या.
आपोलोनिया कणीक मळताना
अंगठी काढून फळीवर ठेवते.
बोटावरचा तांबूस वळ तेवढा निघत नाही.

लाइपझिगनंतर एक क्रूस दुरुस्तीला आला.
किनार सुटलेली.
घालणारा गेला होता;
पलटणीत पुढच्याचा नंबर लागला होता,
कागदावर नाव होतं, घाई होती.

व्हेंझेलनं तो उजेडात उलटा धरला.
कोऱ्या बाजूवर, छातीला लागते तिथं,
घामानं धरलेला गंज,
बटणाएवढा.

घासायचा दगड उचलला त्यानं.
थोडा वेळ हातातच होता.
मग नुसती किनार बसवली,
आणि पोराला म्हणाला,
गुंडाळ.