हातचा एक

पहिल्या तीन पट्ट्या मिठानं खाल्ल्या.
एकीचा डिंक सुटला, एकीची बॅटरी फुगली,
तिसरी रबरी सुटाच्या अस्तराबरोबर सोलून आली.
बू मालसुन म्हणाल्या,
"पोरी, तुझं यंत्र फार हळव्या कातडीचं."

चौथी देजॉनहून जेजू बेटावर आणायला
अकरा महिने लागले.
ती मी लावली त्यांच्या डाव्या कानामागे,
हाडाच्या खळगीत.
नखाएवढी. वजन दीड ग्रॅम.
आत एक तांबडा दिवा, एक डोळ्याला न दिसणारा,
रक्तातला प्राणवायू मोजायला.
तुलनेसाठी एक माझ्याही कानामागे.
त्या चष्म्याची काच घाशीत होत्या
दवण्याच्या भावकीतल्या कुठल्याशा पाल्यानं,
धुकं धरू नये म्हणून.
वय शहात्तर. कंबरेला शिशाचे ठोकळे.
"हे मला वर ओढेल?"
नाही, म्हटलं. नुसतं थरथरेल, ऐंशीच्या खाली गेलात तर.
"म्हणजे सुनेसारखं," म्हणाल्या,
आणि गेल्या.

प्रकल्पाच्या अर्जात बारीक अक्षरात लिहिलंय:
खाऱ्या पाण्यातून आमची लहर जात नाही.
वीतभरही नाही.
बिनतारी म्हणजे हवेत बिनतारी.
पाण्याखाली पट्टी मुकी. मोजते, गिळून ठेवते,
वर आली की ओकते.

म्हणून मी काळ्या खडकावर, मांडीवर टॅबलेट,
पडद्यावर करडी ओळ: संपर्क नाही.
केशरी तरंगता गोळा लाटेवर हलतोय,
त्याखाली जाळं,
त्याखाली कुणी दिसत नाही.
चाळीस सेकंद.
साठ.
एक बगळा खडक बदलतो.
एकाहत्तर.

आणि शीळ.
दातांमधून फाटत निघालेला लांब, उंच श्वास,
सुंबिसोरी म्हणतात इथे त्याला.
कसलीही प्रक्रिया न केलेला, सरळ हवेतून आलेला.
माझे आकडे चार सेकंदांनी पोचले,
पंगत उठल्यावर आलेल्या आचाऱ्यासारखे.

एकसष्ट बुड्या त्या दिवशी.
प्रत्येक बुडीचं वळण शहाऐंशीच्या आसपास,
एखादा अंक इकडेतिकडे.
पट्टी एकदाही थरथरली नाही.

शेकोटीपाशी शंख भाजत होते, तेव्हा आलेख दाखवला.
त्यांनी ओलं, मिठानं सुरकुतलेलं बोट
नेमकं एका वळणावर टेकवलं.
"इथे कपारीत मोठा शिंपला होता. अजून आहे."
मग सोडलात का?
"श्वास सगळा खर्चायचा नसतो. हातचा एक ठेवायचा.
ओक्चा बेरीज विसरली."
ओक्चा कोण, ते मी विचारलं नाही.
त्यांनी शंख उलटा केला, दुसरी बाजू भाजायला.

रात्री खोलीवर दोन्ही नोंदी एकाखाली एक लावल्या.
त्यांची रेघ: उतार, वळण, चढ.
खाली माझ्या श्वासाची,
बसलेल्या माणसाची, कोरड्या खडकावरची,
तीही थांबलेली एकसष्ट वेळा.
तेवढ्याच वेळा. तेवढा वेळ नाही:
मी दर खेपेला पंचेचाळिसाव्या सेकंदाला हरत होते.

अहवालातून माझा कान वगळला.
कारणाच्या रकान्यात लिहिलं, गोंगाट.
पहाटे पाचला ओहोटी आहे.
चार्जरवर दोन पट्ट्या शेजारीशेजारी
लुकलुकतायत,
एक जरा मागे.